सांगळेंच्या टाकीतला स्टाफ

जीवन सांगळेच्या हॉलमध्ये जिथे सोफा होता तिथे आता समुद्र होता, आणि सोफा गॅलरीत दोरीवरच्या कपड्यांखाली गेला होता. पाहुण्यांनी चहा तिथेच बसून घ्यायचा आणि ओला टॉवेल डोक्यावर टपकला तर बोलायचं नाही, असा घरात रिवाज पडला होता. हे सगळं जीवनने हौसेने केलं असं कुणाला वाटत असेल, तर त्याने तो गैरसमज लगेच काढून टाकावा. जीवनला मासा फक्त ताटात ओळखता येत असे. त्याने घरात समुद्र आणला तो पेठला जावं लागू नये म्हणून.

जीवन नाशकातल्या एका सरकारी कचेरीत कारकून. पेठच्या शाखेत एक जागा रिकामी होती आणि तिथे कुणाला पाठवायचं हे बोरस्तेसाहेबांच्या हातात होतं. पेठ गाव छानच आहे, डोंगर आहेत, हिरवाई आहे. पण डोंगर बघायला रविवारी जाणं वेगळं आणि रोज पहाटे एसटी धरून जाणं वेगळं. साहेबांना माशांचा भारी नाद आहे असं कळलं, आणि चहाच्या वेळी जीवनच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, माझ्याकडेही टाकी आहे. समुद्री. प्रवाळाची."

साहेबांचं बिस्किट चहात पडलं. "सांगळे, तुमच्याकडे? खाऱ्या पाण्याची?"

"छोटीशीच आहे साहेब," जीवन नसलेल्या टाकीबद्दल विनयाने म्हणाला.

"अहो, मासे कुणीही पाळतं. एकमेकांशी पटणारे जीव निवडणं, तिथे माणसाची पारख दिसते. दिवाळीनंतर येतो बघायला."

मर्जीतल्या माणसाला साहेब लांब पाठवत नाहीत, हा कचेरीतला अलिखित नियम. जीवनने त्याच संध्याकाळी सिडकोतलं राजचं दुकान गाठलं. राज हा मत्स्यालयाच्या धंद्यातला बोलघेवडा तरुण. त्याने टाकी दिली, प्रवाळ दिले, पाणी मुरायला काही आठवडे जाऊ दिले आणि मग मासे दाखवायला घेतले.

"हा निळा दे," जीवन म्हणाला.

"तो चावतो सर."

"मग हा पिवळा?"

"हा नाही चावत. पण निळ्याला बघून हा खाणं सोडतो."

"निळा घेतच नाही मी. आणि हा? हा शांत दिसतोय."

"एकदम शांत. पण प्रवाळ खातो."

"अरे, मग इथे कुणाचं कुणाशी पटतं का?"

"सर, सोयरीक जुळवणं परवडलं," राज म्हणाला. "तिथं निदान मानपानावर भागतं."

शेवटी केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची एक जोडी आणि एक लाजाळू गोबी मासा एवढं जमलं. गोबी दगडाच्या बिळात शिरला तो तिथूनच तोंड बाहेर काढून जग बघू लागला.

"आता सफाईचा स्टाफ घ्या," राजने पुढची पिशवी उचलली. "या गोगलगायी, काच चाटतात. हे शंखातले खेकडे, खाली पडलेलं खातात. ही कोळंबी माशांचं अंग साफ करते. आणि हा काटेरी चेंडू म्हणजे अर्चिन. दगडावरचं शेवाळ खरवडतो."

"आणि यांना घालायचं काय?"

"काही नाही! माशांचं उष्टं आणि टाकीतली घाण. त्यावरच जगतात."

जीवनला ही व्यवस्था मनापासून आवडली. घरी आल्यावर त्याने ती आईला रंगवून सांगितली. सगुणाबाई गुडघ्याच्या उपचारासाठी विंचूरहून आल्या होत्या आणि पाय लांब करून टाकीसमोर बसून असत.

"म्हंजे काम करनारी हीच, आन् उष्टं खानारी बी हीच?" त्यांनी विचारलं.

"हो ना! किती सोयीचं आहे बघ."

सगुणाबाईंनी पाट टाकीच्या आणखी जवळ ओढला. आई पाट ओढते तेव्हा सावध व्हावं, हे जीवनला एव्हाना कळायला हवं होतं.

पंधरवड्यात काच हिरवी झाली. एवढा स्टाफ असून शेवाळ हटेना. गोगलगायी एका कोपऱ्यात पडून असत, खेकडे दगडाला टेकून बसत आणि अर्चिन जागचा हलत नसे. जीवनने राजला फोन लावला.

"लोड जास्त आहे सर. स्टाफ वाढवा," राज म्हणाला.

जीवनने वाढवला. काच आणखी हिरवी झाली. त्याने पुन्हा वाढवला. दिवाळीपर्यंत टाकीत मासे तीन आणि सफाईला पन्नास-साठ जण अशी परिस्थिती आली. जीवनची बायको हर्षाली एकदा टाकीकडे बघून म्हणाली, "अहो, अगदी तुमच्या ऑफिससारखं वाटतंय." जीवनला ते लागलं.

मग साहेबांचा निरोप आला, येत्या रविवारी येतो. जीवन अर्धी रजा टाकून दुपारीच घरी परतला, आणि दारातच थबकला. सगुणाबाई टाकीसमोर पाटावर बसल्या होत्या. मांडीवर ताट, ताटात चिरलेला पालक, काकडीच्या चकत्या आणि माशांचं महागडं खाणं. काचेला आतून खेकड्यांची रांग लागली होती.

"तू थांब, तू मघाशी खाल्लंस," त्या एका खेकड्याला दटावत होत्या. "ही मागं राहिली बिचारी, तिला येऊ दे."

"आई! काय चाललंय?"

"जेवायला वाढतीय."

"रोज?"

"न्याहारीला, दुपारी, आन् च्याच्या टायमाला थोडंसं."

जीवन पाटाशेजारी फरशीवरच बसला. "आई, अगं त्यांनी घाण खायची असते!"

"तोंड सांभाळ," सगुणाबाई म्हणाल्या. "आपल्या मळ्यावर द्राक्षाच्या छाटनीला आलेली बाई कदी उपाशी गेली नाय. आधी त्यांची पंगत, मंग आपली. तुजा बाप सगळ्यांच्या शेवटी जेवायचा. आन् तू कामाच्या मानसाला घान खायला घालतो?"

पण पेठची एसटी डोळ्यांसमोर होती, म्हणून त्याने मन घट्ट केलं, ताट उचललं आणि खाण्याचा डबा फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवला. या गडबडीत डब्याचं झाकण टाकीत पडलं, ते अर्चिनने उचलून डोक्यावर घेतलं आणि काही केल्या सोडेना.

दुसऱ्या दिवशी टाकीत कामाला सुरुवात झाली. गोगलगायी काचेवर चढल्या, हिरव्यात स्वच्छ पट्टे दिसू लागले. जीवन खुशीत ऑफिसला गेला. संध्याकाळी येऊन बघतो तर समरप्रसंग! सर्वांत मोठ्या खेकड्याने एका गोगलगायीला तिच्या शंखातून ओढून काढून फस्त केलं होतं आणि तो स्वतः तिच्या शंखात राहायला गेला होता. त्याच्या रिकाम्या शंखासाठी दोघांची जुंपली होती. कोळंबी माशांच्या तोंडातला घास पळवत होती. अर्चिन झाकणावर एक प्रवाळ घेऊन निघाला होता. गोबीने तर बिळातून तोंडही काढलं नाही.

हर्षालीने मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं, "उपाशी राहिले तर एकमेकांच्या अंगावर जातात, असं लिहिलंय."

"म्हणजे पोट भरलं की काम करत नाहीत," जीवन म्हणाला, "आणि काम करायला लावलं की भांडतात." सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागला नाही. साहेब बघणार होते ते जीवांचं एकमेकांशी पटतं की नाही हे. म्हणजे शांतता हवीच होती. राहिली स्वच्छता, ती कुणीतरी करणं भाग होतं.

"आई," तो खालच्या मानेने म्हणाला, "वाढ त्यांना."

सगुणाबाईंनी त्या दिवशी जास्तीची काकडी चिरली. आणि जीवनने बनियनवर स्टुलावर चढून, खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून काच घासायला घेतली. जेवून सुस्तावलेला सगळा स्टाफ त्याच्याकडे बघत होता. एक खेकडा तर त्याच्या मनगटावर चढून विसावला. रविवारी सकाळपर्यंत जीवनने काच घासली, दगड ब्रशने चोळले, नळीने तळाची घाण ओढली आणि अर्चिनच्या डोक्यावरचा प्रवाळ काढून जागेवर चिकटवला. झाकण मात्र अर्चिनने सोडलं नाही.

बोरस्तेसाहेब आले. टाकीसमोर उभे राहिले आणि काचेला नाक लावून बघू लागले. पाणी नितळ. केशरी जोडी संथपणे फिरत होती, गोबी बिळातून डोकावत होता. खेकडे एकमेकांना टेकून पहुडले होते. त्यांच्या मधून अर्चिन डोक्यावर झाकण घेऊन एखाद्या स्वागताध्यक्षासारखा सावकाश चालला होता.

"सांगळे," साहेब काचेवरून नजर न हलवता म्हणाले. "एवढे सगळे एका टाकीत? आणि एकही भांडण नाही?"

"नाही साहेब," जीवन अभिमानाने म्हणाला. "कधीच नाही."

"माझ्या टाकीत चार आहेत, चौघांची तोंडं चार दिशांना. कमाल आहे तुमची!" साहेब गॅलरीत सोफ्यावर बसले, टॉवेल टपकला तरी हलले नाहीत. "मी काय शोधत होतो ते आज सापडलं. पेठच्या ऑफिसात कुणाचं कुणाशी पटत नाही. परवा दोघांनी एकमेकांवर फायली फेकल्या. गेलेला माणूस महिन्यात पळून येतो. तिथे सगळ्यांना एकत्र नांदवणारा माणूस हवा होता."

जीवनने हातातली चहाची बशी खाली ठेवली. "साहेब, भांडतात हे."

"कोण?"

"हे सगळे! खरंच भांडतात! चला, दाखवतो." तो धावत टाकीपाशी गेला आणि काचेवर टकटक केली. मोठ्या खेकड्याने एक डोळा वळवला आणि परत आत घेतला. जीवनने बाही न सरसावताच हात पाण्यात घातला आणि दोन खेकडे समोरासमोर आणून ठेवले. ते एकमेकांना टेकून झोपले. "अरे भांडा की! परवा भांडत होतात ना!"

"छे हो, साहेब!" सगुणाबाई आतून पोह्यांची ताटली घेऊन आल्या. "कशाला भांडतील? लय गुनाची हायेत. एक दिस आवाज नाय त्यांचा."

साहेबांनी सद्गदित होऊन जीवनकडे बघितलं. ओल्या बाहीतून पाणी ठिबकत तो उभा होता. "आणि हा विनय! स्वतःचं श्रेयसुद्धा घेत नाही. सांगळे, ऑर्डर उद्याच काढतो. तुम्ही नाही म्हणायचं नाही."

साहेबांची गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत जीवन खिडकीशी हात जोडून उभा होता. तेवढ्यात पाठीमागे, टाकीच्या काचेवर काहीतरी खट्‌कन आपटलं.

"अहो," हर्षाली म्हणाली, "आता बघा, कशी जुंपलीये."

जीवनने वळून बघितलं नाही. तो आईला म्हणाला, "पेठला पहिली एसटी किती वाजता असते, बघ कुणाला तरी विचारून."