पायापुरती कबर

ऑक्सिजन-उपचाराच्या लोखंडी नळकांड्यात सरकवण्याआधी नर्स नर्गिझा रोज सकाळी कापारला हुंगत असे. तिसऱ्या दिवशी ती पायाशी थबकली.

"काका, मेंढीची चरबी?"

कापारने धाकट्या भावाकडे, इसाककडे पाहिलं. इसाकने खिडकीकडे.

"शेपटीची आहे, ताजी," इसाक पुटपुटला. "घोड्याच्या जखमेलासुद्धा आम्ही हीच लावतो."

"घोड्याला शुद्ध ऑक्सिजनमध्ये कोंडता का? आत ही चरबी पेटली, तर पाय कापायचा प्रश्नच मिटेल. तुमचे दादाच उरणार नाहीत."

त्या दिवशीची फेरी रद्द झाली. मधुमेहाने कापारच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता आणि काळेपणा घोट्याकडे निघाला होता. नळकांड्यात दाब वाढवला की रक्तात भरपूर ऑक्सिजन विरघळतो आणि अर्धमेल्या मांसापर्यंत पोचतो. अशा वीस फेऱ्या करून बघायच्या, नाही जमलं तर पाय गुडघ्याखाली कापायचा, असं सर्जनने सांगितलं होतं.

चौथ्या दिवशी चरबी नव्हती. पण आत दादाला थंडी वाजेल म्हणून इसाकने त्याच्या सदऱ्याखाली उंटाच्या लोकरीचा पट्टा बांधला होता. लोकरीतून ठिणगी उडते. तीही फेरी गेली.

"आणखी एक चुकली, तर पायाची आशा सोडा," सर्जन म्हणाला.

इसाक शरमेने गावी निघून गेला. आठवड्याने त्याचा फोन आला.

"दादा, तुझ्या पायाची सोय झाली."

"कसली सोय?"

"खड्डा खणला. आपल्या बापाच्या शेजारी. कापलेला पायही पुरावाच लागतो ना? आपल्या नारिनकडची जमीन एकदा गोठली की कुदळ नुसती उडते. आता तू निर्धास्त राहा."

कापारने पायाकडे पाहिलं. "लांबी किती घेतलीस?"

"गुडघ्यापर्यंतची. वर वीतभर जास्तच. आखडून नको."

इसाक गावी असल्यामुळे उरलेल्या फेऱ्या बिनबोभाट पार पडल्या. काळेपणा थांबला, कडेला लाल मांस दिसू लागलं. शेवटी फक्त अंगठा गेला. तो सुती कापडात गुंडाळून कापार घरी आला.

दफनाला मात्र त्याला जाता आलं नाही. इसाक दुपारी हात झटकत परतला.

"मशिदीतले मोल्दो अडून बसले होते. म्हणाले, एवढ्याशा अंगठ्याला एवढी कबर? जागा रिकामी राहिली तर ती बाकीचा माणूस मागून घेते."

कापारने पाय पांघरुणात ओढला. "मग?"

"भरली जागा. पायाच्याच मापाची, तुझ्याच वापरातली वस्तू घातली. मोल्दो खूश. तीन वेळा दुवा मागितली."

दोन दिवसांनी पट्टी बदलायला दवाखान्यात जायचं होतं. बाहेर उणे बावीस. सर्जनच्या कागदावर पहिलीच ओळ होती: पाय उबदार ठेवावा. कापारने दाराशी वाकून पाहिलं. आतून मेंढीचं कातडं लावलेला डावा बूट एकटाच उभा होता.

"इसाक, उजवा कुठंय?"

इसाकने खिडकीकडे पाहिलं.

"जा, उकरून आण."

"जमीन कालच गोठली, दादा."