शेगडीजवळचा उन्हाळा

या, असे लांब बसू नका. शेगडीपाशी सरका, हात शेकत ऐका. गोष्ट थंडीची आहे.

तर श्रोतेहो, थंडी दोन प्रकारची असते: वाजणारी आणि नोंदली जाणारी. पहिली कुणालाही वाजते. दुसरीला समिती लागते. जपानात आओमोरीकडच्या कामिओसावा गावात अशी पाणीसमिती होती. अध्यक्ष कासाई तोकुजिरो, मोठा देवभोळा माणूस. त्या वर्षी गावदेवाला नव्या भाताचा नैवेद्य त्यांच्या शेतातून जायचा होता. त्या आनंदात ते पहाटे देवळापुढे तिकडच्या रीतीने टाळ्या वाजवून नमस्कार करत, तेही हातमोजे घालून. (महिना जुलै.)

आता भात पोटरीत असताना, म्हणजे कणीस अजून पानाच्या पोटात असताना, हवा सतरा अंशांखाली गेली, की कणीस आतल्या आत वांझ होतं. उपाय एकच. शेतात वीतभर पाणी चढवायचं. हवेहून उबदार असलेलं ते पाणी कोवळ्या कणसाला गोधडीसारखं लपेटून घेतं. मात्र तळ्यातलं पाणी मोजकं, म्हणून समितीच्या तापमापकाने सतराखाली दाखवल्याशिवाय तळ्याचं दार उघडायचं नाही, असा नियम होता. नियम उत्तमच होता.

तापमापक पूर्वी बाहेर खांबावर असे. समुद्रावरून यामासे नावाचा गार वारा सुटला, की तो वाचायला जाणारा सभासद शिंकत परते. म्हणून एकमताने ठराव होऊन तो आत समितीच्या खोलीत, शेगडीशेजारच्या भिंतीवर आला. तेव्हापासून गावाचं हवामान झपाट्याने सुधारलं. बाहेर जितका गारठा, तितके शेगडीत ओंडके जास्त. आणि जितके ओंडके, तितका पारा वर. त्या वर्षी तर जुलै असा गोठला, की समितीने सत्तावीस अंश नोंदवले. जिल्ह्याच्या कचेरीने काळजीने उष्माघाताचं सूचनापत्रक आणि घरटी एक हातपंखा पाठवला.

अशात शेजारच्या शेतातली फुकीआजी चिखलाच्या पायांनी दारात उभी राहिली.

"तोकुजिरो, दार उघड बाबा. पोटरी गारठलीय."

"आजी, सत्तावीस आहेत. मी काय करू?"

"मग भाताला इथे आणून बसवू का? चहा पाजशील त्याला?"

"नियमात बसत नाही हो."

"भात तरी कुठे बसतोय नियमात!" म्हणत आजी गेली.

घरी बायकोनेही, मित्सुएबाईंनी, तेच ऐकवलं होतं. "अहो अध्यक्ष, देवाला काय फोलपटं वाढणार? का तापमापकच ठेवणार पानात?"

कासाईंनी खिडकीतून पाहिलं. आजी बांधाला चिखल थापत होती, असलेलं पाणी तरी जाऊ नये म्हणून. पलीकडे त्यांचं शेत, देवाच्या वाट्याचं, वाऱ्यात कुडकुडत होतं. ते उठले, सगळ्यांना चहा ओतायला किटली उचलली, आणि त्यांचा हात थरथरला. अख्खी किटली शेगडीत.

खोलीभर वाफ झाली. पुन्हा पेटेना. सभासद दाटीवाटीने बसून राहिले, आणि पारा सावकाश उतरत पंधरावर आला. आता नियमच होता! दार उघडलं, पाणी चढलं, सुगीला कणसं वाकली, आणि देवाला नैवेद्य पोचला.

चौकशी रीतसर झाली. थंडीने हात थरथरला म्हणावं, तर नोंद सत्तावीसची. तेव्हा अध्यक्षांना उष्म्याने भोवळ आली, असा निष्कर्ष निघाला. त्यांना विश्रांतीसाठी सन्मानाने पदमुक्त केलं, आणि शेगडीला किटलीपासून संरक्षण म्हणून जाळी बसवली. तापमापक तिथेच आहे. गावात आता थंडी पडत नाही.

गोष्ट संपली. मगाशी 'सरका' म्हटल्याबरोबर सरकलात ना सगळे? बाहेर किती गारठा आहे, हे एकानेही विचारलं नाही. असू द्या, शेका हात. फक्त उद्या पानात वाफाळता भात पडेल, तेव्हा पहिल्या घासाला बांधावरच्या फुकीआजीची आठवण काढा.