दोन बदामची बोली

"आम्हीपण दोघं ब्रिज खेळतो की!" असं भाईदास बोलून गेला आणि मुलीच्या लग्नाची बोलणी पत्त्यांवर येऊन बसली.

बोलून जाणं ही त्याची जुनी खोड. अमळनेर सोडून सुरतेला आला, बमरोलीच्या एका मिलमध्ये कापडाच्या घड्या घालायच्या फोल्डिंग खात्यात चिकटला आणि तिथंच राहिला. पण गावाकडे कुणी विचारलं तर "सगळं खातं आपल्याच हाताखाली" असं तो सांगायचा. खात्यात तो आणि आणखी एक माणूस होता, एवढंच.

शेजारच्या मिलमधले सुपरवायझर आनंदराव हे मूळचे परभणीचे. त्यांचा दीपक आणि भाईदासची धनश्री यांचं कॉम्प्युटरच्या क्लासात जुळलं होतं. धनश्रीनं आईला स्पष्टच सांगितलं होतं, "केलं तर त्याच्याशीच करीन." आनंदरावांचीही ना नव्हती. पण मिलच्या जुन्या मॅनेजरनं जाता जाता त्यांना ब्रिजचं वेड लावलं होतं आणि त्यांनी ते बायकोच्या गळ्यात घातलं होतं.

"पोरगी पोरानं बघितलीच हाय," ते म्हणाले होते. "आम्ही कांदेपोहे खाऊन काय बघणार? माणूस बघायचा तर पत्त्यांवर बघावा. तुम्हाला ब्रिज येतं?"

आणि भाईदास बोलून गेला.

"तुमले कसाले हाई सुचनं?" घरी त्याच्या बायकोनं, मालतीबाईंनी, कपाळाला हात लावला. त्यांना मेंढीकोट यायचं, तेही भुसावळच्या मामानं सुट्टीत शिकवलेलं.

शेवटी चाळीतले किसनभाऊ धावून आले. रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरी केलेला माणूस, दुपारच्या दुपारी ब्रिज खेळण्यात घालवलेल्या. त्यांनी दोघांना बोली शिकवली, हुकूम शिकवला, आणि नवराबायकोची कुवत ओळखून एक खास गोष्ट शिकवली.

"चांगले पत्ते आले तर कुणीही बोलतो," ते म्हणाले. "तुम्ही कमजोर हाताची बोली शिका. मोठी पानं नाहीत, पण बदामची पाच आहेत आणि दुसऱ्या एका रंगाचीही पाच आहेत, तर सुरुवातीलाच 'दोन बदाम' म्हणून टाकायचं. समोरचे तयार व्हायच्या आत त्यांची वाट अडवायची."

"म्हणजे हातात काही नसताना आधी बोलायचं?" भाईदासला खेळ एकदम आवडला.

"पण यात चोरी चालत नाही. बोलीचा अर्थ समोरच्यांनी विचारला, तर बोलणाऱ्यानं नाही, त्याच्या जोडीदारानं खरं खरं सांगायचं. जोडीदार चुकला, तर बोली संपल्यावर बोलणाऱ्यानं दुरुस्त करायचं."

"बरं शे," मालतीबाई म्हणाल्या.

रविवारी आनंदराव आणि त्यांच्या पत्नी सुमनबाई आले. सतरंजी अंथरली, धनश्रीनं चहा दिला आणि ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली. पहिले दोन डाव बरे गेले, म्हणजे भाईदासकडे बोलण्यासारखं काही आलंच नाही. तिसऱ्या डावाला त्यानं पत्ते उघडले. बदामची पाच, किलवरची पाच, आणि सगळ्यांत मोठं पान गुलाम. त्याला शिकलेलं सगळं आठवलं.

"दोन बदाम!" तो म्हणाला.

आनंदरावांच्या हातात एक्के-राजे नुसते दाटीवाटीनं बसले होते. त्यांनी चष्म्यावरून मालतीबाईंकडे पाहिलं. "ताई, यांच्या या बोलीचा अर्थ काय?"

आता मालतीबाईंना उत्तर पाठ होतं. पण एका बाजूला होणारे व्याही बसले होते. दुसऱ्या बाजूला विहीणबाई. दाराशी मुलगी. अशा चार माणसांत स्वतःच्या नवऱ्याकडे बोट दाखवून "यांच्या हातात काही नाही" असं कोणती बाई सांगेल? किसनभाऊंनी सगळं शिकवलं होतं, हे शिकवलं नव्हतं. मालतीबाईंनी पदर सावरला.

"हात चांगला आहे त्यांचा," त्या म्हणाल्या.

भाईदासनं चमकून बायकोकडे पाहिलं. आनंदरावांनी मात्र मान डोलावली. ज्याचा हात चांगला त्याच्या वाटेला जाऊ नये, असा विचार करून त्यांनी पास म्हटलं. मालतीबाईंनी पास म्हटलं, सुमनबाईंनीही. बोली संपली. आता दुरुस्त करायची पाळी भाईदासची होती. त्यानं तोंड उघडलंही.

"चांगला हात आला राव तुम्हाला!" आनंदराव आदरानं म्हणाले.

इतक्या आदरानं त्याच्याशी सुरतेत कुणी बोललं नव्हतं. भाईदासनं तोंड मिटलं.

डाव सुरू झाला आणि चांगला हात उघडा पडत गेला. दुरी पडली, तिरी पडली, पंजा पडला. आनंदराव एक्क्यामागून एक्का काढत होते आणि दर हाताला त्यांचा चेहरा लाल होत होता. शेवटचं पान पडल्यावर त्यांनी हिशेब मांडला. भाईदास बुडाला होता, पण थोडक्यात. आनंदराव बोलले असते तर डावच त्यांचा होता, तोही मोठा.

"गुलामाच्या वर एक पान न्हाई!" ते म्हणाले. "ताई, मग असं कामून सांगितलंत? डाव हुकला त्याचं वाईट वाटत न्हाई. पण विचारल्यावर खोटं सांगणाऱ्या घरची पोरगी करायची कशी?"

स्वयंपाकघराच्या दारात बांगड्या वाजल्या. धनश्री आत निघून गेली होती.

"चूक माझी आहे," भाईदास घाईघाईनं म्हणाला. "मी दुरुस्त करायला हवं होतं."

"तुम्ही थांबा," मालतीबाई म्हणाल्या. "भाऊ, बोली कमजोर हाताचीच आहे. मला पाठ होतं. पण सुरतेला येऊन आमचं अर्धं आयुष्य गेलं. गावाला गेलं की जो तो विचारतो, भाईदासचं कसं चाललंय? मी सांगते, चांगलं चाललंय. सासूला तेच, जावांना तेच, माहेरी तेच. आज तुम्ही विचारलं, तोंडातून तेच निघालं."

भाईदास खाली सतरंजीकडे बघत राहिला. गावात आपली पत आहे ती आपण बोलतो म्हणून, असं तो आजवर समजत होता. ती कुणी सांभाळली हे त्याला आत्ता कळलं आणि त्याला फार वाईट वाटलं.

आनंदराव काही म्हणणार, तोच सुमनबाई हसल्या. "म्या बी परभणीला तेच सांगते."

"काय सांगतीस?"

"हात लई भक्कम हाय म्हणते."

"मग, न्हाई का?"

"तुम्ही विचारायचं नसतं. समोरच्यांनी विचारायचं असतं. नियम तुम्हीच शिकवलाय."

मालतीबाईंनी डोळे पुसले. "मग मी विचारते, ताई. काय आहे त्यांच्या हातात?"

"मिल विकायला काढलीय मालकानं," सुमनबाई म्हणाल्या. "सुपरवायझर हायेत तवर हायेत."

आनंदरावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुसतच राहिले. मघाचा सगळा ताठा त्या फडक्यात गेला. मग भाईदासनं घसा साफ केला.

"मग माझी एक बोली ऐका," तो म्हणाला. "लग्न गावी, दारात मांडव घालून. जेवण साधं. पोरीच्या अंगावर तिच्या आईनं जमवलंय तेवढं. यापलीकडे माझ्या हातात काही नाही."

हातात होतं तेवढंच बोलण्याची त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ असावी. ब्रिजमध्ये एखाद्या बोलीवर ओळीनं तिघं पास म्हणाले की ती पक्की होते, पुढं कुणाला काही वाढवता येत नाही. आनंदरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"पास," ते म्हणाले.

"पास," मालतीबाई म्हणाल्या.

सगळे सुमनबाईंकडे बघू लागले. त्यांच्या मनात दीपकसाठी एक स्कूटर होती, येताना रस्त्यात त्यांनी रंगसुद्धा ठरवला होता. त्यांनी भाईदासकडे पाहिलं, नवऱ्याच्या चष्म्याकडे पाहिलं, आणि एक मोठा श्वास सोडला.

"पास."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. धनश्री दाराआडच होती. भाईदासला इतका आनंद झाला की त्याला राहवेना. "तसा बँडबाजा म्हणाल तर सुरतेहून—" त्यानं सुरुवात केली.

"आते गप बसा," मालतीबाई म्हणाल्या. "तुमनी पाळी सरनी."