बाप्पाचा हार आणि मॅडमचा कंटेनर

कॉम्प्युटरचं काय घेऊन बसलात! दिंडोरी रोडवरच्या आमच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याचं खोकं मी माझ्या हाताने फोडलंय. बाकीचे लांबून बघत होते! तेव्हापासून ऑफिसात काहीही बिघडलं की एकच हाक येते, "सावळीरामकाकांना बोलवा!" त्यामुळे त्या शुक्रवारी अकराच्या सुमाराला नेटवर्क गेलं, तेव्हा मी हातातला चहासुद्धा खाली ठेवला नाही. म्हटलं, हा संपायच्या आत करून देतो!

आमच्याकडे हॉलमध्ये बायका द्राक्षं भरतात, तिथल्या काट्यावर पेटीचं वजन होतं आणि ते वायरीतून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर येतं. मग लेबल छापलं जातं. लेबल नाही तर पेटी कंटेनरमध्ये चढत नाही. आणि कंटेनर चारला निघायलाच हवा होता, कारण जहाज काही आपल्यासाठी थांबत नाही.

योगिनी मॅडमचा हा पहिलाच कंटेनर. मॅनेजर होऊन त्यांना जेमतेम दोन महिने झालेले. मालकांनी तोंडावर सांगितलं होतं, "हा वेळेवर गेला तर सीझन तुझा. नाहीतर पिंपळगावचा माणूस तयार आहे." पोरगी पहाटेपासून पायावर उभी होती. मला तर ती लेकीसारखी! म्हणून तर सोमवारपासून मी ऑफिसातल्या गणपतीच्या फोटोला रोज ताज्या झेंडूचा हार घालत होतो, आणि त्या दिवशीचा तर चांगला लांबलचक होता.

"काका, वजनं येतच नाहीयेत!"

"बंद करून चालू करा, मॅडम."

त्यांनी केलं. आलं! मी चहाचा घोट घेतला आणि सगळीकडे बघितलं. बघायला होत्या फक्त नवसाबाई, आमच्या झाडलोट करणाऱ्या. पंखा बंद करून त्या केर काढत होत्या. "भाऊ, पाय उचला," म्हणाल्या. मी उचलले. केर भरून, पंखा लावून त्या गेल्या. आणि नेटवर्कही गेलं!

मग मी बाह्या सरसावल्या. टेबलाखाली शिरलो, वायर बदलली, बाहेर येताना डोकं आपटलं. नाही आलं. कपाळ चोळत खुर्चीत बसलो, तेवढ्यात नवसाबाई पंखा बंद करून मी टेबलाखालून बाहेर आणलेला केर काढायला लागल्या आणि नेटवर्क आलं! "टेबलाखालचीच वायर होती," मी जाहीर केलं. नवसाबाई पंखा लावून गेल्या आणि पुन्हा गायब.

आता मी कॉम्प्युटरमधलं जे जे मला ओळखू येत नव्हतं ते ते काढून टाकायला सुरुवात केली. शेवटी मॅडमनी माउस माझ्या हातातून काढून घेतला आणि इंजिनिअर धम्मपालला फोन लावला. तो नेमका सटाण्याला!

"यायला तीन तास लागतील. काका, नवीन काही लावलंय का तिथे?"

"काहीसुद्धा नाही!" मी छातीवर हात ठेवून सांगितलं.

दीड वाजला. हॉलमध्ये चाळीस बायका हात बांधून बसल्या. बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न! मॅडम खिडकीपाशी तोंड फिरवून उभ्या राहिल्या आणि मला कळलं, त्यांचे डोळे भरलेत. आता एकच उपाय! कोपऱ्यावरच्या फुलवाल्याकडून पाणी मारलेला, मनगटाएवढा जाड हार आणला, जुन्यावर चढवला आणि हात जोडून नारळ कबूल केला. त्यानंतर नेटवर्क जे गेलं ते गेलंच. अधूनमधून यायचं तेही बंद!

"भाऊ, बोलू का?" दारात नवसाबाई.

"आता काय झाडायचंय?"

"झाडायचं नाय. मी केर काढाया पंखा बंद करते, तव्हा तुमचं नेट येतं. पंखा लावला का जातं. दोनदा झालं तसं."

मी हसलो. "अहो, पंख्याचा आणि नेटवर्कचा काय संबंध!"

"पंख्याचा नाय. हाराचा हाय. त्यो बघा!"

बघितलं. गणपतीच्या फोटोमागून हॉलची वायर उतरते आणि खालच्या हिरव्या दिव्यांच्या डबीत शिरते. माझ्या हाराचं टोक बरोबर त्या वायरीवर! पंखा लागला की हार झुलायचा, वायर ओढायचा आणि हिरवा दिवा विझायचा. नव्या हाराने तर पाय पसरून वायरीवर बैठकच मारली होती.

नवसाबाईंनी आधी हात जोडले. "देवा, राग नको मानू," म्हणत दोन्ही हार अलगद उतरवले आणि वायर दाबून बसवली. वायरीच्या टोकाचा खटका तुटलेला होता. हाराचाच दोरा काढून त्यांनी वायर डबीला बांधून टाकली. हिरवा दिवा लागला! लेबलचं मशीन कुरकुरायला लागलं, हॉलमध्ये बायकांनी टाळ्या वाजवल्या.

खरं सांगतो, मला त्या बाईचं फार कौतुक वाटलं. इतक्या वर्षांत त्यांनी कॉम्प्युटरला फडक्याशिवाय हात लावलेला नाही, पण डोळे केवढे उघडे! त्यांच्यापुढे मी कसला आलोय शहाणा? कंटेनर चारला पाच कमी असताना फाटकातून बाहेर पडला. मॅडमनी नवसाबाईंना अशी मिठी मारली की झाडू मध्ये चेंगरला.

धम्मपाल साडेचारला आला, बांधलेला दोरा बघून म्हणाला, "हे कोणी केलं? मीपण आज असंच काहीतरी केलं असतं!" तेवढ्यात मालकांचा फोन. "कशामुळे बंद पडलं होतं?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

"वायर सैल होती, सर. नवसाबाईंनी शोधून काढलं," मॅडम म्हणाल्या. माझं नाव त्यांनी घेतलंच नाही. पोरगी खरंच मोठी आहे हो!

कबूल केलेला नारळ दुसऱ्या दिवशी फोडला, निम्मा नवसाबाईंना दिला. आणि नेटवर्क गेलं की आजही पहिली हाक मलाच येते बरं का! फक्त हाकेनंतरचा प्रश्न बदललाय.

"काका, आज बाप्पाला काय घातलंत?"