पेरिकचा ठसका

"दुधाकडे जरा लक्ष ठेवा," असं सांगून सरस्वतीबाई खाली भाजी आणायला गेल्या आणि परत येऊन पाहतात तो पातेल्याचा कोळसा झालेला. स्वयंपाकघरात धूर कोंडलेला, आणि दामाजी नाखवा गॅसकडे पाठ करून शांतपणे पेपर वाचताहेत. गेल्या वर्षीच्या त्या मोठ्या तापाने नवऱ्याचं नाक नेलं, ही शंका त्यांना तेव्हा प्रथम आली.

पण सरस्वतीबाईंनी उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवलं होतं. एका निरीक्षणावर निष्कर्ष काढणं त्यांना पटेना. म्हणून त्यांनी आधी नवऱ्याच्या उशाशी हिंगाची पुरचुंडी ठेवली. दामाजी गाढ झोपले. मग जेवणाच्या टेबलाखाली सुक्या बोंबलांची पिशवी उघडी टाकली. चेंदणी कोळीवाड्यात जन्मलेल्या माणसाने बोंबलांची विचारपूससुद्धा केली नाही, तेव्हा सिद्धता पूर्ण झाली. डॉक्टर म्हणाले, "येईल परत. कधी कधी येतही नाही."

दुसऱ्या कोणाचं नाक गेलं असतं तर एवढं बिघडलं नसतं. पण दामाजींनी परदेशी बोटींवर स्टुअर्ड म्हणून नोकरी केलेली. तिथल्या एका म्हाताऱ्या कप्तानाने त्यांना पाइप ओढायला आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तंबाखू पारखायला शिकवलं होतं. चेंदणीपासून नौपाड्यापर्यंत तंबाखूच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. दर रविवारी संध्याकाळी बँकेतून निवृत्त झालेले भाऊ कर्णिक आणि माजिवड्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले विठ्ठलराव आपापले पाइप घेऊन यायचे. दामाजी एक झुरका घेऊन डोळे मिटायचे. धुरातला वास ओळखून "मनुका," असं म्हणायचे. मग दोघेही माना डोलवायचे.

ताप उतरल्यापासून दामाजी आठवणीवर निभावत होते. तंबाखूचा डबा नेहमीचाच होता, त्यामुळे मनुकाही नेहमीचीच.

आणि अशात भाऊंच्या अमेरिकेतल्या मुलाने एक नवा डबा पाठवला.

"बघ दामाजी," भाऊ डबा टेबलावर ठेवत म्हणाले, "सेंट नाही, इसेन्स नाही. नुसती पानं. व्हर्जिनिया, बर्ली आणि ते तिसरं काय ते... पेरिक. पोरगा म्हणतो, दामाजीकाकांना विचारून कळवा कशी आहे ती. मी म्हटलं, रविवारी निकाल!"

भाऊ गेल्यावर दामाजी बराच वेळ डब्याकडे बघत बसले.

"तुला ठाऊक आहे ना?" त्यांनी शेवटी विचारलं.

"बोंबलांपासून," सरस्वतीबाई म्हणाल्या.

"कप्तान सांगायचा ते सगळं पाठ आहे मला. व्हर्जिनिया म्हणजे वाळलेल्या गवताचा गोडवा. बर्ली कोरडी, शेंगदाण्याच्या टरफलासारखी. पेरिक पिंपात दाबून मुरवतात, आपल्या लोणच्यासारखी, म्हणून ती आंबूस आणि मिरीसारखी झोंबणारी. ते म्हणून दाखवीन मी. पण आजवरची मनुका खोटी नव्हती गं. कधीतरी लागलेली होती. ही तंबाखू मी कधी ओढलेलीच नाही. त्या पोराला काय, थाप मारू?"

"मग खरं सांगून टाका ना दोघांना."

"आणि मग ते रविवारी येतील कशाला?"

सरस्वतीबाईंना पाइपचा धूर आवडत नसे, पण रविवारच्या संध्याकाळी बाहेरच्या खोलीतून येणारं हसणं आवडत असे.

रविवारी सकाळी दामाजींनी डबा उघडला. सरस्वतीबाईंनी जुन्या सवयीने त्यातली चिमूटभर तंबाखू होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत भरून बूच लावलं. प्रयोगाला हात घालण्याआधी थोडा नमुना बाजूला काढायचा, हे त्यांनी इतक्या मुलांना सांगितलं होतं की आता हातच ते करायचा. बाकीची तंबाखू ओलसर लागली, तेव्हा दामाजी ती पेपरावर पसरून गच्चीवर ठेवून आले. जरा वारा लागला की ती पेटायला बरी.

गच्चीवर त्या वेळी वरच्या मजल्यावरच्या गोदूबाईंच्या मिरच्या वाळत होत्या. कोळी मसाल्याचे दिवस. साडीवर अख्ख्या मिरच्या आणि शेजारी कुटायला घेतलेला जाडसर चुरा. खाडीवरून वारा सुटला, पेपर फडफडला, साडीचा कोपरा उलटला. दामाजी धावत वर गेले आणि तांबूस तपकिरी जे जे सांडलं होतं ते ते सगळं ओंजळीने गोळा करून डब्यात भरलं. नाक शाबूत असतं तर मिरचीच्या वासानेच हात आखडला असता. त्यांनी समाधानाने झाकण लावलं.

संध्याकाळी तिघांनी पाइप भरले, पेटवले आणि एकदमच झुरका घेतला.

विठ्ठलराव खुर्चीतून अर्धे उठले. भाऊंचा चेहरा गणपतीच्या जास्वंदीसारखा झाला. दोघेही खोकू लागले.

"दर्जा..." विठ्ठलराव ठसक्यामधून म्हणाले, "उच्च दर्जाची आहे!"

"मनुकाही... आहे," भाऊ सवयीने म्हणाले आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

दामाजी मात्र ताठ बसले होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"आली!" ते ओरडले. "सरस्वती, अगं आली! पेरिकची मिरी! इथे, नाकात, घशात! मला लागतंय गं!"

सरस्वतीबाई भज्यांचा झारा हातात घेऊनच बाहेर आल्या. नवऱ्याचा एवढा आनंदी चेहरा त्यांनी बऱ्याच महिन्यांत पाहिला नव्हता. त्याच वेळी उघड्या दारात गोदूबाई येऊन उभ्या राहिल्या.

"वयनी, गच्चीवरचा माजा मिरचीचा चुरा कनी उचलला गं?"

भाऊंचा खोकला थांबला. सरस्वतीबाईंनी डबा उचलून उजेडात धरला. तंबाखूत मिरचीचं पिवळट बी चमकत होतं.

"पण मला वास आला!" दामाजी म्हणाले.

खोटं बोलणं सोपं होतं. सरस्वतीबाईंना ते जमलं नाही.

"तिखट हा वास नव्हे हो," त्या हळूच म्हणाल्या. "ती नुसती आग. कांदा चिरताना डोळ्यांना पाणी येतं, म्हणून डोळ्यांना वास येतो असं नाही."

दामाजींनी पाइप खाली ठेवला आणि डोळे पुसले. मग मित्रांकडे न बघता म्हणाले, "ताप आला ना गेल्या वर्षी, तेव्हापासून मला कसलाच वास येत नाही. वर्षभर मी तुम्हाला नुसतं फसवतोय."

भाऊंनी घसा खाकरला.

"दामाजी, एक सांगू? मला ती मनुका कधीच लागलेली नाही. तुझं नाक चांगलं होतं तेव्हाही नाही."

"मला तर सुतळी जाळल्यासारखं लागतं," विठ्ठलराव म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

"अरे, मग माना कसल्या हलवत होतात? आणि दर रविवारी येता तरी कशाला?"

"तुझ्या बोटीच्या गोष्टी ऐकायला," भाऊ म्हणाले. "ते पोर्ट सैदचं प्रकरण अर्धवट राहिलंय."

"आणि वहिनींच्या भज्यांसाठी," विठ्ठलराव म्हणाले. "पण पोराला आता काय कळवायचं? डबा तर मसाल्यात गेला."

"थांब म्हणावं त्याला," सरस्वतीबाई म्हणाल्या. "नमुना शिल्लक आहे."

"मंग ह्या मसाल्याचा कालवन करू का काय?" गोदूबाईंनी डबा हिसकावून घेत विचारलं, आणि सगळ्यांत आधी दामाजीच हसले.

दुसऱ्या दिवसापासून सरस्वतीबाईंनी रोज सकाळी चहाआधी नाकाची शिकवणी सुरू केली. लवंग, कॉफी, लिंबाची साल आणि शेवटी ती तंबाखूची बाटली. प्रत्येक वस्तू नाकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि पूर्वी तिचा वास कसा यायचा ते आठवायचं. "न वापरलेली वाट बुजते," त्या म्हणत. "चालत राहायचं." दामाजी चालत राहिले. रोज उत्तर एकच, "काही नाही." गोदूबाईंचा मसाला कुटून बरण्यांत गेला, त्यातली एक बरणी खालीही आली. पोर्ट सैदचं प्रकरण संपून सुवेझ कालवा सुरू झाला. भाऊ आणि विठ्ठलराव एकही रविवार चुकले नाहीत.

गौरी-गणपतीच्या सुमाराला एका सकाळी दामाजींनी बाटलीचं बूच काढलं, डोळे मिटले आणि "काही नाही" म्हणालेच नाहीत.

"थांब," ते म्हणाले.

गॅसवर दूध ठेवून सरस्वतीबाई कप घ्यायला वळल्या होत्या. त्या कप हातात धरून तशाच थांबल्या.

"गवत. उन्हात वाळलेलं, गोडसर." त्यांनी पुन्हा श्वास घेतला. "आणि आंबूस काहीतरी. लोणच्याची जुनी बरणी उघडल्यासारखं. आणि... सरस्वती, मनुका! देवाशपथ!"

"आणखी?" सरस्वतीबाईंनी विचारलं.

दामाजींच्या कपाळावर आठी पडली. "तळाशी काहीतरी करपलंय. खमंग नाही, चांगलंच करपलंय. ही बर्ली असणार. भाऊच्या पोराला कळवायला हवं, बाकी सगळं उत्तम, पण बर्ली जरा..."

सरस्वतीबाईंच्या पाठीमागे दूध उतू जाऊन गॅसवर जळत होतं आणि पातेल्यातून धुराची रेघ वर चढत होती. जन्मात त्यांच्या हातून दूध करपलं नव्हतं. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"परत घ्या," त्या म्हणाल्या. "घाई नाही. नीट सांगा, कसं करपलंय?"