तक्रारीची पोच, सहा प्रतींत

सन १९९६-९७ च्या गळीत हंगामात आमच्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची एक पावती निघायला नऊ मिनिटे लागली, ही बाब प्रस्तुत लेखकाच्या निदर्शनास आली. प्रस्तुत लेखक म्हणजे मी, रवींद्र. बारामतीत सहा महिन्यांचा कोर्स करून मी कारखान्याचा संपूर्ण संगणक विभाग झालो होतो. कारखाना इंदापूर तालुक्यातला. नाव सांगत नाही, तसा ठराव आहे.

तीन काट्यांचे तीन संगणक आणि सहा अधिकाऱ्यांच्या टेबलांवरचे सहा, असे नऊ मी एकाच वायरीने जोडले होते. जुलैत प्रात्यक्षिक दिले तेव्हा पावती चुटकीसरशी निघाली आणि माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. जुलैत ऊस नसतो, हे त्या आनंदात कोणाच्या लक्षात आले नाही.

आता दिवसाला तीनशे गाड्या येत होत्या. मी निदान केले की नेटवर्क कार्ड चालवणारा जो छोटा प्रोग्रॅम असतो, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो या गर्दीत गुदमरतो आहे. निदान बरोबर होते. घात केला तो उपायाने, आणि उपायही माझाच होता.

निदानाला पुरावा हवा म्हणून मी एक प्रोग्रॅम लिहिला. पावतीला उशीर झाला की त्याची तक्रार आपोआप सहाही टेबलांवर जाई. जाई अर्थात त्याच वायरीने.

कार्यकारी संचालक बापूसाहेब खूश झाले, पण शंका काढलीच. "रवींद्र, तक्रार साहेबांपर्यंत पोचली हे कशावरनं? आवक-जावक म्हणून काही हाय का न्हाय? पोच पाहिजे."

म्हणून प्रत्येक तक्रारीची पोच सहा टेबलांवरून माझ्याकडे येऊ लागली. पोच मिळाल्याची नोंद पुन्हा सहा टेबलांवर जाऊ लागली. पावतीला बावीस मिनिटे लागू लागली. उशीर वाढला तशा तक्रारी वाढल्या आणि माझे निदान दिवसेंदिवस अधिक सिद्ध होत गेले. एवढे यश मला कोर्समध्येही मिळाले नव्हते.

मग पुण्याहून नव्या ड्रायव्हरची फ्लॉपी एसटीने मागवली. नव्या ड्रायव्हरने खरोखर कमाल केली. तक्रारी आता दुप्पट वेगाने जाऊ लागल्या. पावती पाऊण तासावर गेली.

त्या दुपारी काट्याच्या खिडकीशी सणसरच्या कुशाबाई आल्या. सकाळपासून रांगेत असलेली त्यांची बैलगाडी आत्ता कुठे काट्यापाशी पोचली होती.

"सायेब, परवा तोडल्याला ऊस हाय. उन्हानं वाळून हलका व्हायला लागलाय. वरीसभराचं पानी पाजलंय त्याला. कवा व्हायाचं वजन?"

"मावशी, तांत्रिक अडचण आहे. शोध सुरू आहे."

"कोन शोधतंय?"

"मीच."

"मग कशी सापडंल!" त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "हे काय पळतंय समदं?"

मी त्यांना तक्रार, पोच आणि पोचेची नोंद समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी गाडी चढाला लागली, की तुमी बैलाच्याच पाठीवर बसून त्येला इचारताय, का रं बाबा दमलास? उतरा की खाली आदी."

मला लाज वाटली. खोटं कशाला सांगू, कानाच्या पाळ्या तापल्या. मी प्रोग्रॅम बंद केला. कुशाबाईंची पावती अर्ध्या मिनिटात निघाली. गाडी सकाळी भरली असती त्यापेक्षा हलकी भरली. त्यांनी कागद कनवटीला लावला आणि बैल हाकले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळपर्यंत रांग संपली. पाच वाजता बापूसाहेबांचं बोलावणं आलं.

"आज अहवाल का न्हाईत?"

"साहेब, आता तक्रारच राहिली नाही."

"तसं लेखी कुठं हाय? तक्रार न्हाई, असा अहवाल दर पाच मिनिटाला येऊ द्या. पोचेसकट. आन् हो, तुमाला कायम करायचा ठराव उद्याच्या मीटिंगला घेतोय."

पहिलं वाक्य ऐकून मी तोंड उघडलं होतं. शेवटचं ऐकून मिटलं, आणि प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. मी कायम झालो. सत्कारात दुसरी शाल मिळाली, पहिलीपेक्षा जाड.

आपण हे वाचून हसला असाल, तर सदर प्रकरणी हसल्याची पोच सहा प्रतींत पाठवावी, म्हणजे माझी फाइल पुरी होईल. घाई नाही. कुशाबाईंची दुसरी गाडी आत्ताच रांगेला लागली आहे.