यम, डाकू आणि दत्तूभाऊ

आमच्या दत्तूभाऊंच्या नाटकात डाकू घोड्यावरून येतो, नारद त्याला रस्ता दाखवतो आणि हवेलीतलं पांढऱ्या साडीतलं भूत दोघांना चहा देतं. हे सगळं एकाच प्रवेशात.

दत्तूभाऊ माझे शेजारी. एरवी भात आणि म्हशी यांतच असतात. पण गावचा उरूस आला, की पाहिलेले सगळे जुने सिनेमे एकत्र घोटून नाटक बसवतात. काम मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणणं त्यांना जमत नाही. "बसवू की!" म्हणायचं आणि कुठं तरी घुसवायचं. पाटलांच्या जावयानं नवा कोट शिवला, तर डाकूंच्या दरीत विलायतेचा डॉक्टर उगवला.

"भाऊ, दरीत डॉक्टर कशाला?" मी विचारलं.

"का? डाकूला ताप येत न्हाई व्हय?"

मी खंडाळ्याला हॉटेलात नोकरीला. ड्युटी करून गावात पोचेस्तोवर नाटक संपत आलेलं असतं, म्हणून मी कायमचा पोलीस. सगळं उरकल्यावर जायचं आणि दिसेल त्याला बेड्या घालायच्या.

या "बसवू की"नंच भाऊंचा घात केला. त्यांचे थोरले बंधू सोपानदादा आमचे ठरलेले हिरो. एका उरसाला ऐनवेळी सरपंच यमाचा मुकुट घालून हजर! सरपंचांना कोण नाही म्हणणार? भाऊंनी पहिल्याच प्रवेशात यम आणला. आता यम आला म्हटल्यावर कुणी तरी मरायला नको? सोपानदादा मेले. समोर सगळे सोयरे बसलेले आणि हिरो नाटकभर चादरीखाली आडवा!

"सख्ख्या भावानं चारचौघांत मारला मला," म्हणाले आणि दादा जे उठले ते थेट बेगडेवाडीला, पोराकडे राहायला. गाव तोडलं, बोलणं तोडलं.

आम्ही पोट धरून हसलो. पण त्यानंतर भाऊंच्या नाटकात कुणी मरेनासं झालं. यम येतो, तब्येतीची चौकशी करतो, जातो. आणि शेवटाला ताटातूट झालेल्या भावांची भेट. धाकटा स्वतः दत्तूभाऊ. थोरल्याचं काम मात्र ते कुणालाच देत नाहीत. किती जणांनी मागून पाहिलं! धाकटा हाक मारतो, "दादा, कुटं हायेस रं?" आणि पडदा पडतो. मग भाऊ मिशी उतरवून विंगेत बसून राहतात.

यंदाही त्यांनी हाक मारली.

गर्दीच्या मागून, चपलांच्या ढिगाजवळून आवाज आला, "हितं हाय की! वरडतुस कशापायी?"

लोकांना वाटलं, हेही नाटकातलंच. शिट्ट्या पडल्या. पडदेवाला दोरी धरून तसाच उभा राहिला. या भेटीसाठी भाऊंनी कुठल्या कुठल्या सिनेमांतले संवाद पाठ करून ठेवले होते! त्यातला एक आठवेल तर शपथ. शेवटी माइकमधूनच ते म्हणाले,

"जेवलास का, दादा?"

"न्हाई," सोपानदादा म्हणाले. "इतकी वर्सं नुस्त्या हाका मारतुयास. घरी येऊन जेवायला कवा बोलावलंस?"

भाऊ रंगल्या तोंडानं तसेच स्टेजवरून उतरले आणि दादांचा हात धरून घराकडे चालू लागले.